तेलाचा हात

मी तेलाच्या रिफायनरीत गंधकाच्या युनिटवर काम करते, म्हणजे नेमकं काय करते, हे आमच्या वाशिमकडच्या मालेगावात कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "पोट्टी पेट्रोल बनवते." मीही कधी दुरुस्त केलं नाही. खरं तर आमच्या युनिटमध्ये पेट्रोलचा थेंब नसतो. कच्च्या तेलात गंधक असतो, आणि तो काढताना सडक्या अंड्याच्या वासाचा एक विषारी वायू तयार होतो. तो हवेत सोडता येत नाही. म्हणून आम्ही त्यातला काही भाग भट्टीत जाळतो, आणि पुढच्या टप्प्यांत पिवळा, पातळ गंधक वाहायला लागतो. थंड झाला की खतांच्या कारखान्यांत जातो.

मागच्या वर्षी जास्त गंधकाचं तेल येऊ लागलं आणि आमची भट्टी पुरेना. दुसरी बांधायला जागा नव्हती. तेव्हा ठरलं की भट्टीत जाणाऱ्या हवेत थोडा शुद्ध ऑक्सिजन मिसळायचा. हवेत ऑक्सिजन असतो जेमतेम पाचवा हिस्सा. बाकीचा बहुतेक नायट्रोजन भट्टीत नुसता शिरतो, तापतो, जागा अडवतो आणि निघून जातो. तो कमी केला की त्याच भट्टीत जास्त वायू जाळता येतो.

ऑक्सिजनच्या नव्या पाइपांची सफाई तपासायचं काम माझ्याकडे आलं. ताडपत्रीखाली अंधार करून आमचे साहेब एका खास दिव्याचा जांभळा उजेड पाइपच्या तोंडात टाकत होते; त्या उजेडात तेलाचा डाग चमकतो. एका पाइपच्या कडेला अख्खा पंजा चमकला. पाचही बोटं.

"हा हात कुणाचा?" त्यांनी विचारलं.

माझाच होता. सकाळी केसांना तेल लावलं होतं आणि हातमोजा काढून मी ती कडा धरली होती. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये आग लागायला हे एवढंसं तेल पुरतं. ठिणगीसुद्धा लागत नाही. आणि एकदा तेल पेटलं की लोखंड जळतं." तो पाइप पुन्हा पहिल्यापासून धुवायला गेला. त्या दिवसापासून कामावर जाताना मी केसांना तेल लावलं नाही.

दिवाळीला घरी आले. जऊळका स्टेशनला उतरले, बाबा मोटारसायकल घेऊन आले होते. घरी जाण्याआधी दुकानात थांबू म्हणाले, एका ट्रॉलीचं काम अडलं होतं. वाशिम रोडला बाबांचं वेल्डिंगचं दुकान आहे. बाबा आणि चाचा दोघांचं. चाचा आमच्या नात्यातले नाहीत. दोघं एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकले आणि मग मिळून दुकान टाकलं. मी पहिलीत असताना ऑक्सिजनच्या सिलिंडरनं पेट घेतला आणि चाचांचा डावा हात भाजला. दोन बोटं तळव्याला चिकटली ती कायमची. सिलिंडर खराब आलं होतं, असं आमच्याकडे सगळेच सांगत.

चाचा स्टुलावर बसून चहा पीत होते. बाबांनी ऑक्सिजनचं काळं सिलिंडर भिंतीपासून पुढे ओढलं, कोनाड्यातली तेलाची बुधली घेतली आणि रेग्युलेटरच्या आट्यांवर दोन थेंब सोडले. मग चिंधीनं ते फिरवून फिरवून लावायला लागले.

मी बाबांवर कधी आवाज चढवलेला नव्हता. त्या दिवशी किंचाळले. चिंधी हिसकावून रस्त्याकडे फेकली. समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर करून पाहिलं.

"काय झालं व?" बाबा चकित होऊन म्हणाले. "आटे जाम हायेत. तेल लावून राह्यलो."

"ऑक्सिजनले तेल लावता?"

"पह्यलेपासून लावतो. नाही लावलं तं पाना फिरीन कसा?"

पह्यलेपासून. मी खाली पोत्यावर बसले आणि सगळं भडाभडा सांगितलं: भट्टी, ऑक्सिजन, जांभळा उजेड, माझा पंजा. तेल आणि ऑक्सिजन दाबानं भेटले की काय होतं ते.

"ठिणगी नसली तरी पेटते?" चाचांनी विचारलं.

"हो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की तेवढ्यानंच पेटते."

ग्लास खाली ठेवताना चाचांचा हात थांबला. त्या हाताकडे माझं लक्ष गेलं आणि मी काय बोलून बसले ते मला तेव्हा उमगलं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी बी नुसता व्हॉल्व्हच उघडला होता," चाचा म्हणाले. "बिडी नव्हती, काडी नव्हती. काहीच नव्हतं." मग ते बाबांकडे वळले. "तेल कोणं लावलं होतं, भाई?"

"म्या," बाबा म्हणाले. "सकाळी. तू यायच्या आंधी."

चाचांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. बाबांनी त्यांना हाक मारली नाही. मीही नाही. मला वाटत होतं, कुणीतरी मला आत्ताच्या आत्ता परत गाडीत बसवून द्यावं.

संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "तुले माहीत नाही. अकोल्याहून सिलिंडर आणे तो टेंपोवाला, त्याले म्या भर चौकात मारलं होतं. खराब माल आणला म्हणून."

तीन दिवस चाचा आले नाहीत. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी ते आमच्याकडे येतात; त्यांच्यासाठी आईनं काढून ठेवलेल्या अनारशांच्या डब्याला कुणी हात लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी दारात उभे राहिले. बसले नाहीत. बाबांना म्हणाले, "माझ्या हाताचं जाऊ दे. त्या टेंपोवाल्याकडं चाल."

तो जऊळक्यातच होता, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. ते दोघं मोटारसायकलवर, मी आईच्या स्कूटीवर मागे. म्हातारा खाटेवर सोयाबीन निवडत बसला होता. बाबांना त्यानं ओळखलं, आणि ओळखल्याबरोबर खाटेवरून उठून भिंतीला टेकला. सत्तरीचा माणूस, अजूनही भ्याला. बाबा त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"सिलिंडर चांगलं होतं तुमचं," बाबा म्हणाले. "तेल म्या लावलं होतं. त्यानं पेटलं. मले आता समजलं."

म्हाताऱ्यानं आळीपाळीनं आम्हा तिघांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग ते पडल्यानं नव्हतं पेटलं?"

"काय?"

"पातूरच्या घाटात टेंपो उसळला होता. सिलिंडर खाली पडलं होतं. म्या कोणाले सांगतलं नाही." त्यानं चाचांचा हात धरला आणि उलटा करून पाहिला. "मले वाटे, माह्याच्यानं झालं. म्हणून तर टेंपो सोडला. परत सिलिंडरले हात नाही लावला."

बाबांनी दोन थेंब तेल लावलं होतं आणि हा माणूस इतकी वर्षं मार खाऊन गप्प बसला होता, मार आपल्याच कर्माचा समजून. चाचा त्याच्या शेजारी खाटेवर बसले. "नाही बाप्पा," एवढंच ते म्हणत राहिले, "नाही, नाही." बाबा रडत होते. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलेलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या सुनेनं काही न विचारता चहा आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तेलाची बुधली चाचांनी बाहेरच्या पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरला ते आता बाबांना हात लावू देत नाहीत. दोघांचं बोलणं पहिल्याइतकं राहिलेलं नाही, असं आई फोनवर सांगते. दुपारचा डबा मात्र सोबतच उघडतात. मी दर वेळी तेच विचारते, आणि आई कंटाळून म्हणते, "हो व माय, आजबी सोबतच खाल्ला."