गच्चीवरची वायर आणि काडेपेटीएवढा मीटर

"चार पॉइंट आठ," मी मीटर वाचला.

"काय सांगता? गुरुवारी तर एक पॉइंट दोन होता!" परबकाका खुर्चीतून अर्धे उठले. गुडघ्यांनी त्यांना परत बसवलं.

रविवार, सकाळचे साडेआठ. डिलाईल रोडच्या चाळीत, काकांच्या खोलीत, त्यांच्या रेडिओसमोर आम्ही दोघं. नऊ वाजता वेंगुर्ल्याहून त्यांचा मित्र नाबर हवेवर येणार होता. दोघंही हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने वायरलेसवर बोलणारे. कित्येक वर्षं दर रविवारी नऊला त्यांची गाठ ठरलेली. आता नाबर मुलाकडे पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला निघाले होते. तिथे अँटेना लावायची सोय नाही. म्हणजे हा शेवटचा रविवार.

मी माझगावला, जहाजांचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन आहे. काकांचा सेट आमच्याकडे दोनदा आला होता. दोन्ही वेळा आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे पॉवर बाहेर सोडणारा भाग, जळालेला. आमचे बॉस देसाईसाहेब म्हणाले, "सेट म्हातारा झालाय. तिसऱ्यांदा आला तर मी हात लावणार नाही." मला मात्र संशय अँटेनाचा होता.

रेडिओ जी पॉवर सोडतो ती केबलमधून अँटेनाच्या वायरला जाते. मेळ बसला तर हवेत जाते. नाही बसला तर त्यातली बरीच उलटी फिरते आणि सेटच्याच बोकांडी बसते. हा मेळ किती बसलाय ते एसडब्ल्यूआरचा आकडा सांगतो. एक सगळ्यात उत्तम. दीडपर्यंत बिनधास्त बोला. तीनच्या वर गेला तर गप्प बसा.

काकांचा जुना मीटर कधीच बंद पडला होता. नवीन घ्यायचा तर दोन काट्यांचा, जाडजूड घ्या, असं साहेबांचं मत. मी छोटा सुचवला आणि गुरुवारी येऊन लावूनही दिला. सेट शंभर वॅटचा, हा मीटर दोनशेपर्यंत मोजणारा. काका ज्या बँडवर बोलतात तो त्यात बसत होता. पॉवर आणि एसडब्ल्यूआर एकाच स्क्रीनवर, चष्मा न शोधता दिसतील एवढे मोठे आकडे. टेबलावर जागाही तेवढीच होती. "ही काडेपेटी काय मोजणार?" साहेब म्हणाले होते.

आता मी त्यांनाच फोन लावला.

"सांगितलं होतं ना?" साहेब खुशीत. "खेळणं आहे ते. काढून टाक आणि बोलू दे म्हाताऱ्याला."

मला असा राग आला! पण तसं बोलू दिलं असतं तर सेट तिसऱ्यांदा गेला असता. मी पिशवीतून डमी लोड काढला. अँटेनाच्या जागी लावायचा हा डबा सगळी पॉवर गिळतो, परत काही पाठवत नाही. दहाच वॅट सोडले. आकडा आला एक पॉइंट शून्य पाच. मीटर शहाणा होता, सेटही शहाणा होता. घोटाळा वर होता.

गच्चीवर गेले आणि हसावं की रडावं कळेना. दोन टाक्यांच्या मध्ये ताणलेल्या काकांच्या वायरवर चार ओल्या चादरी, दोन पडदे आणि एक गोधडी. ओझ्याने वायर माझ्या खांद्यापर्यंत आलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या तावडेवहिनी आणखी एक चादर झटकत होत्या.

"वहिनी, ही अँटेना आहे!"

"कसली अँटेना? दोरी आहे कपड्यांची. परबभाऊजींनीच बांधलीय, चाळीसाठी."

खाली येऊन काकांना विचारलं. तेव्हा खरी गोष्ट कळली. वायर बांधायच्या वेळी चाळीच्या मीटिंगमध्ये "टॉवर नको, टॉवर नको" म्हणून गलका झाला होता. काकांनी ठोकून दिलं, "टॉवर कसला? कपडे वाळत घालायला वायर बांधतोय." चक्क टाळ्या पडल्या. पुढे गुडघे गेले आणि काकांची गच्ची सुटली. चाळीत चादरी धुवायचा वार रविवार. काकांचा बोलायचा वारही रविवार.

वहिनी माझ्या मागोमाग आल्याच होत्या. "म्हणजे मागे वायरवरचे कपडे काढताना मला चटका बसला, तो तुमच्यामुळे?"

"बोलत असेन मी तेव्हा, वायरमध्ये पॉवर असते," काका पुटपुटले. "चुकलंच, वहिनी. पण आज नाबराशी शेवटचं बोलायचंय हो."

वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "मग आधी सांगायला काय झालं होतं? चला मॅडम, चादरी काढू. पण भाऊजी, आजच्या आज दुसरी दोरी पाहिजे. खरी!"

आम्ही दोघींनी भराभर वायर मोकळी केली आणि पुन्हा ताणून बांधली. नऊला दोन मिनिटं कमी. मीटरवर एक पॉइंट तीन.

"काय रे नाबर, ऐकाक येता मा?"

खरखरीतून आवाज आला, "येता रे येता! फाइव्ह नाइन!" हॅमच्या भाषेत हे पैकीच्या पैकी मार्क. काकांचे डोळे भरून आले. माझेही, खोटं कशाला सांगू. फोन काय, ते उद्याही लावतील. पण तो कोणीही लावतो. वहिनी ओली चादर कवेत घेऊन दारातच थांबल्या आणि गप्पा संपेपर्यंत हलल्या नाहीत.

खरी दोरी त्याच दुपारी मलाच बांधावी लागली, वायरपासून चांगली लांब. काकांचा सेट परत वर्कशॉपला आला नाही. साहेबांनी आमच्या टेबलासाठी तसाच छोटा मीटर मागवला. त्याच्या डब्यावर मी मार्करने लिहून ठेवलंय: आकडा पटला नाही तर आधी गच्चीवर जाऊन या.