साडूंची लाल पेटी

माझ्या साडूंनी या जगातली एकही वस्तू पहिल्या फटक्यात पास केलेली नाही, आणि त्यात मीही आलो. मला बघायला सासरची मंडळी आली तेव्हा हे थोरले जावई म्हणून सोबत होते. बाकीचे शिक्षण, पगार विचारत होते, हे मात्र आमच्या चहाच्या कपाची बारीक चीर अंगठ्यानं चाचपत माझ्याकडे एकटक बघत बसले, आणि शेवटी सासऱ्यांना म्हणाले, "तसा ठीक आहे, पण थोडे दिवस लक्ष ठेवू." चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटीला आहेत. गाडीचे सुटे भाग तपासायचे, बरोबर असेल त्यावर हिरवा स्टिकर लावायचा, चुकला असेल तो लाल पेटीत टाकायचा, हे काम त्यांच्या इतकं अंगात मुरलंय की कंपनीची बस त्यांना रहाटणीच्या चौकात सोडते तेव्हा क्वालिटीही त्यांच्यासोबत उतरते. पोळी वाकडी असली तर खातात, पण ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तसं कळवून खातात. कोपऱ्यावरचा भाजीवाला त्यांना लांबून बघितलं की किडकी वांगी आपणहून बाजूला काढतो. आणि त्यांचं ते 'का'! कंपनीत शिकवलंय म्हणे, की पाच वेळा 'का' विचारलं की दोषाचं मूळ सापडतं. दूध उतू गेलं. का? लक्ष नव्हतं. का? फोन आला. का आला? घरात पाचव्या 'का'ला मूळबिळ काही सापडत नाही, भांडण सापडतं. तरी त्यांनी पद्धत सोडलेली नाही.

अशा माणसानं मोठा टीव्ही घेतला आणि लॅपटॉपवरचे व्हिडिओ वायफायवरून त्यावर बघायचं मनात आणलं. मग काय विचारता! एक फाइल चाले, दुसरी चालत नसे, तिसऱ्यात माणसं आडवी व्हायची. दर रविवारी मला बोलावणं यायचं. एकदा एक फाइल टीव्ही घेईना, म्हणून मी शहाणपणानं तिच्या नावापुढची शेवटची अक्षरं बदलून दुसऱ्या फॉरमॅटची करून दिली. साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी लाल पेटीतच पडलो. "अहो राव, लेबल बदलून माल बदलतो का? ते नाव म्हणजे खोक्यावरची चिठ्ठी. आत चित्र वेगळं बांधलेलं असतं, आवाज वेगळा. टीव्हीला दोन्ही गाठी सोडवता आल्या पाहिजेत." मी शेंगदाण्यांची बशी पुढे ओढली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मधे आई आल्या. आई म्हणजे आमच्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या साडूंकडेच असतात, आणि अलीकडे त्यांची नजर फार मंदावलीय. सासऱ्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर जन्म काढला. त्यांच्या निरोपसमारंभाची सीडी कुणीतरी कधीकाळी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती, ती साडूंना सापडली. लॅपटॉपवर आवाज येई, पण तेवढ्याशा पडद्यावर आईंना माणूस ओळखू येईना. टीव्हीवर लावलं तर हारतुऱ्यातले सासरे लख्ख दिसले, पण आवाज नाही. आई पार टीव्हीला नाक लावून उभ्या राहिल्या. "दिसत्यात हो. पण नुसतेच ओठ हलत्यात. त्यांचा आवाज मी इसरत चाललेय, जावईबापू."

साडू त्या दिवशी 'का' म्हणाले नाहीत.

पुढचे कितीतरी दिवस सेकंड शिफ्टला जायच्या आधी ते लॅपटॉपपुढे बसलेले असायचे. फाइलमधला आवाज जुन्या जातीचा होता. लॅपटॉपला तो कळे, टीव्हीला कळत नव्हता. चित्राला हात न लावता फक्त आवाज बदलायला त्यांना बराच वेळ लागला, पण जमलं एकदाचं. रविवारी आम्हा सगळ्यांना बोलावलं. साडूंनी टीव्हीच्या कडेला चक्क हिरवा स्टिकर लावला होता. सासरे बोलू लागले. खणखणीत, एकसारखं, कुठंही न अडखळता. शेवटी "जयभीम" म्हणून खाली बसले. ताई पदर डोळ्यांना लावून रडत होत्या.

आई मात्र तशाच बसून होत्या. "आवाज त्यांचाच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पण हे असं घडाघडा कवा बोलले? मधी अडकले व्हते की. खोकले. मी बोलले व्हते. ते कुटं गेलं?"

साडूंचा चेहरा खर्रकन उतरला. आवाज दुरुस्त करता करता त्यांनी माल तपासावा तसं भाषणही तपासलं होतं. मधली लांब शांतता, खोकला, प्रेक्षकांतून कुणाचीतरी हाक, हे सगळे दोष धरून कापून टाकले होते. "आई, मला वाटलं ती खराबी आहे," एवढंच ते कसंबसं म्हणाले. आता पुरतं वाटोळं झालं असं मला वाटलं. पण त्यांच्या कंपनीत नापास माल कुणी फेकत नाही. तो लाल पेटीत राहतो. साडूंनी लॅपटॉप उघडला. त्यात खरंच 'लाल पेटी' नावाचं फोल्डर होतं, आणि त्यात आवाज बदललेली, पण कापाकापीच्या आधीची अख्खी फाइल होती.

ती लावली. सासरे दोन वाक्यं बोलले आणि अडकले. कागद उलटा केला, सुलटा केला, खोकले. आणि आमच्या मागून, सोफ्यावरून, आई टीव्हीकडे तोंड करून म्हणाल्या, "आवं बोला की, घाबरताय काय!" तेवढ्यात टीव्हीतूनही त्यांचाच तेव्हाचा आवाज तेच बोलला. सासरे लाजून हसले, आणि मग बोलू लागले. आई त्यांच्याबरोबर हसल्या. मी इतक्या वर्षांत साडूंना रडताना प्रथमच बघितलं.

आम्ही निघेपर्यंत साडूंनी स्टिकर काढलाही नाही, नवा लावलाही नाही. म्हणाले, "कस्टमरला चालत असेल तर आमच्याकडेही माप चुकलेला माल पास करतात कधी कधी." त्या घरात आता तीच फाइल चालते, आई म्हणतील तेव्हा.

साडूही आता थोड्याच दिवसांत रिटायर होतील. परवा बसस्टॉपवर भेटले, तर नेहमीसारखं माझ्या गाडीचं टायर दाबून बघितलं, हवा कमी आहे म्हणाले, आणि मग जरा घुटमळले. "निरोपाच्या दिवशी शूटिंग तुम्हीच करा राव. मी अडखळलो तर कापू नका." बस आली. पायरीवर चढता चढता मागं वळून म्हणाले, "आणि तुमच्या ताईंना पुढच्या रांगेत बसवा."