मल्लय्या सातवा

चार माणसं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसली, की बोलायचे विषय संपतात आणि किस्से तेवढे साठत जातात. आमचं टेबल म्हणजे सात रस्त्याला सलीमच्या शिलाईच्या दुकानातलं कापड बेतायचं टेबल. त्याच्या मामेभावानं अमेरिकेहून एका खेळाचं पातळ पुस्तक पाठवलं होतं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले योद्धे व्हायचं, आणि वार लागला की हुकला ते फाशानं ठरवायचं. इंग्रजी सलीमचं बरं, म्हणून गोष्ट तो सांगायचा. फासा माझ्या घरच्या ल्युडोतला.

होटगीला रेल्वेत असलेल्या शिंदेनं आणि मी आपापल्या योद्ध्याला लोखंडी चिलखत घातलं. व्यंकटेश हातमागावर चादरी विणायचा. तो म्हणाला, "लोकंड घालून पळायचं कसं? माजा गडी नुसत्या बंडीवर."

चिलखतवाल्याला फक्त सहा पडला तर वार लागायचा, बंडीवाल्याला तीनपासून पुढं काहीही. व्यंकटेशचा मल्लय्या गुहेच्या पहिल्याच दारात मारला गेला. पुढच्या रविवारी मल्लय्या दुसरा, मग तिसरा. चौथ्याच्या वेळी सलीम म्हणाला, "नाव तरी बदल की."

"गडी बदलतोय. घरानं त्येच हाय."

*

सलीमला दया आली. त्यानं नियम केला, बंडीवाला चपळ, त्यालाही फक्त सहावरच लागणार. पुढच्या रविवारी शिंदेनं आणि मी गुपचूप चिलखतं उतरवली. गुहेच्या तोंडाशी तिघं बंडीवर उभे.

सलीमनं चष्मा पुसला. "लढायला आलाव का आंघोळीला?"

नियम त्याच दुपारी रद्द झाला. बंडीवाल्याला चारपासून पुढं, असं ठरलं.

*

व्यंकटेशला तेवढ्यानं भागेना. तो स्वतः विणलेली चादर घेऊन आला, घडी करून डाव्या हाताला गुंडाळली आणि सलीमचा लोखंडी गज शिंदेच्या हातात दिला. "मार. वार आडतोय का न्हाय बग."

शिंदेनं मारला.

"लागलं का रे?"

"न्हाय," व्यंकटेश म्हणाला. मंगळवारपर्यंत त्याचा माग बंद होता. सलीमनं मल्लय्याला चादर दिली. लढाईत एक वार चादरीवर, मग चादर फाटली.

*

शिंदे फाशाच्या बाबतीत फार कडक. एकदा फासा कात्रीला टेकून तिरका राहिला. शिंदेनं वाकून, डोळा बारीक करून तो तीन बाजूंनी तपासला आणि अर्धा तास वाद घातला. त्या अर्ध्या तासात सलीमनं एका शर्टाची काजं करून टाकली.

*

एका रविवारी वाटेत नदी आली. माझा योद्धा चिलखतासकट उतरला.

"बुडतोयस," सलीम म्हणाला.

"चिलखत काढायला किती वेळ लागेल?"

"तुझा दम पुरतोय त्याहून जास्त."

मल्लय्या सहावा पोहून पलीकडं गेला आणि धोतर पिळत माझ्याकडं बघत राहिला. दोन रविवार मी व्यंकटेशशी बोललो नाही. खरंच राग आला होता.

*

मग व्यंकटेशचा माग कायमचा थांबला आणि त्याला भिवंडीत काम मिळालं. शेवटच्या रविवारी तो एवढंच म्हणाला, "एक गडी जिता भाईर काडायचा हाय. मग जातो."

मल्लय्या सातवा होता तो. गुहेचं तोंड दहा पावलांवर राहिलं असताना शिंदेचा योद्धा जखमी होऊन पडला. व्यंकटेशनं मल्लय्याची चादर त्याच्याखाली घातली आणि ओढायला लागला.

सलीम म्हणाला, "चादर सोडून पळालास तर वाचतोस. अंगावर काय न्हाय तुझ्या."

"आन ह्येला?"

शिंदेचा गडी गुहेबाहेर पोचला. मल्लय्यावर मागून वार आला. सलीमनं फासा टाकला. तो घरंगळत शिंदेच्या पुढ्यात, खडूच्या डबीमागं गेला. शिंदे वाकला नाही, डोळा बारीक केला नाही.

"दोन," तो म्हणाला. "हुकला." आणि फासा उचलायला हात घातला.

व्यंकटेशनं त्याचा हात धरला, डबी बाजूला सारली.

"पाच हाय की. लागला."

व्यंकटेशनं आपल्या योद्ध्याच्या कागदावरचं नाव खोडलं, कागद उलटा केला, त्यावर 'मल्लय्या आठवा' असं लिहिलं आणि घडी करून खिशात ठेवला.