नानाने तीनदा लिहिलं होतं

शाळेत प्रार्थना संपून मुलं वर्गात शिरत होती, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "सुमन, तुन्हा भाऊ उठत नही." शाळेपासून नवागामला, नानाच्या घरी, रिक्षाने जायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी स्वतःला सांगत होते की नाना दमला असेल, झोप लागली असेल… पोचले तेव्हा शेजारच्यांनी त्याला खाटेवरून खाली घेतलं होतं. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. सव्वा महिना झाला त्याला. मरण कुणाला चुकत नाही हे मलाही कळतं, आणि तसं शांत मरण आलं याचं समाधान मानावं असं भेटायला येणारे सगळे सांगतात. पण माझा भाऊ निष्काळजी माणूस म्हणून गेला, कागदावर तसं लिहिलेलं ठेवून गेला, आणि त्याबद्दल शांत राहायला मला जमत नाही.

प्रल्हाद त्याचं नाव, आम्ही नाना म्हणायचो. अमळनेरकडच्या गावातून वडील सुरतला लूमवर आले तेव्हा नाना नऊ वर्षांचा होता, मी कडेवर. वडिलांना वाटायचं त्यानेही लूमवरच लागावं. तो दोन वर्षं लागलाही, पण त्याचं लक्ष कापडापेक्षा मोटरीच्या आवाजाकडे. पुढे ट्रकच्या गॅरेजमध्ये गेला, तिथून मगदल्लाला मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं करू लागला, आणि चाळिशीत तापीकाठच्या एका खासगी बोटिंगच्या जागी मिस्त्री म्हणून लागला. घरी अहिराणी, कामावर गुजराती, गिऱ्हाइकांशी हिंदी. लिहायचं झालं तर मात्र मराठीच, आणि तेही वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलेल्या गोल, सावकाश अक्षरात. मी शिक्षिका झाले तरी माझं अक्षर त्याच्याइतकं सुंदर कधी आलं नाही.

त्या जागी एक जुनी फायबरची बोट होती. शेठने ती गोव्याहून कुणाची तरी वापरलेली आणली होती. तिचं इंजिन बोटीच्या आत, मागच्या बाजूला, आणि पंख्याचा पाय बाहेर पाण्यात. मधल्या भिंतीतून फिरणारा जोड बाहेर जातो, आणि त्या जोडाभोवती घड्याघड्यांचा एक रबरी भाता बसवलेला असतो, लोहाराच्या भात्यासारखाच. नदी बाहेर ठेवायचं काम त्या भात्याचं. हे सगळं मला नानानेच सांगितलेलं, आमच्या ओट्यावर बसून, हातातला रुमाल घडी घालून दाखवत. वर्षानुवर्षं वाकून वाकून रबर घडीच्या आतल्या बाजूने तडकतं, बाहेरून बघणाऱ्याला धडधाकट दिसतं. पंख्याचा पाय पूर्ण एका अंगाला वळवायचा आणि अंगठ्याने घडी उघडायची, तेव्हा चीर दिसते. त्याला ती दिसली होती. त्याने मॅनेजरला हाताला धरून नेलं आणि दाखवली. मॅनेजर म्हणाला, "हमणां चाले छे ने? वेकेशन पछी जोईशुं." आत्ता चालतंय ना, सुट्टी संपल्यावर बघू. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती आणि बोट दोन दिवस पाण्याबाहेर काढायची कुणाची तयारी नव्हती.

नाना मागे लागला. जोडाच्या बेअरिंगमधून घरघर येऊ लागली होती, आतलं ग्रीस पाणी मिसळून ताकासारखं झालं होतं. आत येणारं पाणी बाहेर फेकायला बोटीत एक छोटा पंप असतो, तो आता दिवसभर चालूच असायचा. मॅनेजरने वरून काळं सिलंट, फट बुजवायचा चिकट लेप, फासायला सांगितलं. नाना म्हणाला, हे माझ्या हातून होणार नाही, ते आठवडाभरही टिकणार नाही. मग त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून फासून घेतलं.

सुट्टीतल्या रविवारी बोट माणसांनी भरून नदीच्या मध्यावर गेली आणि पंप बंद पडला. चालवणारे होते धनसुखभाई, तिथले जुने चालक. मागची बाजू जड झालेली त्यांना उशिरा कळली. काठावरून नानाला आधी कळली. तो दुसरी बोट घेऊन निघाला, बायका आणि लेकरं आपल्या बोटीत घेतली, आणि उरलेल्यांना दोघांनी मिळून कसंबसं काठाला लावलं. सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे बोटीत पाणी. नानाचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मॅनेजरचं नाव कुठेच नाही, शेठचंही नाही.

चौकशीला आलेल्या साहेबांना नाना म्हणाला, मी वहीत लिहिलंय, तीन वेळा. कामाची वही मागवली तर मॅनेजर म्हणाला सापडत नाही. धनसुखभाई तिथेच उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. कागदावर लिहिलं गेलं, लेखी तक्रार आढळली नाही, कारागिराचा निष्काळजीपणा. नानाला कामावरून काढलं.

आणि याच्यापुढे जे झालं ते सांगताना आजही माझे कान तापतात. नवा भाता बसवल्याशिवाय बोट पाण्यात घालायची नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. बाहेरून बोलावलेल्या मिस्त्रीने अशा जुन्या बोटीला हात लावायला नकार दिला. तेव्हा मॅनेजरने फोन कुणाला करावा? नानाला! मी तिथेच होते. मी म्हटलं, "तू जाणार नाहीस. तुझ्या नावाला काळं फासलं त्यांनी." नाना पायात चपला घालत म्हणाला, "लोके बसतीन ना तिन्हामा, सुमन." लोक बसतील ना तिच्यात… मी त्याच्याशी त्या दिवशी भांडले. मग रागारागातच त्याच्या मागे गेले, कारण एकटा गेला तर हे लोक आणखी काही त्याच्या माथी मारतील अशी मला भीती होती.

बोट काठावर लाकडी घोड्यांवर चढवली होती. नानाने सहा नट सोडले, दोराच्या आधाराने पंख्याचा पाय मागे ओढून काढला आणि जुना भाता बाहेर खेचला. काळं सिलंट वाळलेल्या डांबरासारखं त्याच्यावर चिकटलं होतं आणि त्याच्याखाली हाताचं बोट जाईल एवढी चीर. त्याने भाता मॅनेजरच्या पायाशी ठेवला आणि कामाला लागला. अर्धा दिवस त्याने नुसती धातूची कडा घासली. मळावर रबर बसत नाही, म्हणाला. गंजलेलं बेअरिंग ठोकून काढून नवं बसवलं. नवा भाता चिकटवला, पट्ट्या आवळल्या, लांब सळई घालून जोड सरळ आहे का ते पुन्हा पुन्हा पाहिलं. दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात उतरली तेव्हा इंजिनाखाली त्याने एक वर्तमानपत्र पसरलं आणि तासभर त्याच्यासमोर उकिडवा बसून राहिला. पेपर कोरडा राहिला. वाकून पाहिलं तर तो त्याच बातमीचा पेपर होता. मी विचारलं, मुद्दाम? नाना म्हणाला, हाताला तोच लागला. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

त्यानंतर त्याला परत कामावर घेतलं नाही. पेपरने चूक सुधारली नाही. चौकशीच्या कागदावरचा शब्द तसाच राहिला. दोन वर्षं तो गोडादऱ्यात एका गॅरेजमध्ये पंप दुरुस्त करत होता. तिथे कुणी विचारलं, "बोटवाला प्रल्हाद तूच का?" की मान खाली घालून काम करत राहायचा. माझा भाऊ मान खाली घालणारा नव्हता. त्याला तसा केला.

तो गेल्याच्या पंधराव्या दिवशी मला निरोप आला. बोटिंगच्या जागी शोकसभा ठेवलीय, आमच्या परिवारातील निष्ठावान सदस्य, बहीण शिक्षिका आहेत तर त्यांनी दोन शब्द बोलावेत. वहिनी म्हणाली, जाऊ नको. मी गेले. फ्लेक्सवर नानाचा फोटो, त्याला हार, शेजारी शेठ हात जोडून. मी बोलायला उठणार एवढ्यात धनसुखभाई आले आणि माझ्या हातात एक वही ठेवली. पुठ्ठा तेलकट होता. "बेन, मारी पासे हती," ते म्हणाले. दोन वर्षं त्यांच्याकडे होती. नोकरी जाईल म्हणून बोलले नाहीत, आता निवृत्त झाले म्हणून आणली. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मी वही उघडली. ते गोल, सावकाश अक्षर… मी माइकवर वाचलं. "मागचा रबरी भाता तडकला आहे. बोट बाहेर काढून बदलावा." दुसरी नोंद, "बेअरिंग आवाज करते, पाणी आत येते. बोट चालवू नये." तिसरी, "मी सांगूनही बोट चालू आहे. माणसं बसवू नका." खाली सही, पूर्ण नाव. मग तेच मी गुजरातीत सांगितलं, एकेक शब्द, सगळ्यांना कळेल असं.

मॅनेजर उठून म्हणाला, "बेन, आ तो मराठीमां छे, अमने शुं खबर? अने आ समय नथी." हे तर मराठीत आहे, आम्हाला काय कळणार? आणि ही वेळ नाही.

मी त्याच्याच भाषेत म्हटलं, "साहेब, ज्याला मराठी येत नाही त्याने शेजारच्याला विचारायचं असतं. आणि ही वेळ नाही, हे तुम्ही त्यालाही सांगितलं होतंत."

शेठ खाली बघत होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी मला थांबवलंही नाही. मी नानाचा फोटो फ्लेक्सवरून कापून द्यायला लावला आणि वही पिशवीत घालून निघाले. तिच्या पानांच्या प्रती मी चौकशीच्या कचेरीत दिल्यात, पेपरच्या कचेरीतही. कचेरीने पोच दिली. पेपरवाले अजून विचार करतायत. मी दर सोमवारी शाळा सुटल्यावर जाऊन विचारते. कंटाळा येईल त्यांना. मला येणार नाही.

परवा नवागामला गेले तर वहिनी ओट्यावर शेजारणीचा कुकर घेऊन बसली होती. झाकणाची रिंग वाफ सोडत होती. गल्लीतल्या बायका अजून नानाच्याच दाराशी येतात, सवयीने, आणि आता वहिनी त्याची हत्यारांची पेटी उघडते. तिला हत्यारांची नावं येत नाहीत. नानाने प्रत्येक हत्यार तिच्या जुन्या लुगड्याच्या वेगळ्या तुकड्यात गुंडाळून ठेवलंय. त्या रंगावरून ती ओळखते. तिने रिंग बदलली, कुकरमध्ये पाणी घालून तो स्टोव्हवर ठेवला आणि समोर बसून राहिली. शेजारीण म्हणाली, झालं की, द्या आता, मी घरी लावते. वहिनी हलली नाही.

"शिट्टी व्हवू दे," ती म्हणाली, "मंग उठसू."