खर्जाची जागा

इर्या हकाला भांडत नसे. कॅनडातल्या थंडर बेच्या फिनिश वस्तीत तिच्याबरोबर म्हाताऱ्या झालेल्या बायकाही सांगतील, की इर्याचा आवाज चढलेला त्यांनी कधी ऐकला नाही. शेजारच्या माणसाने एकदा तिला न विचारता कुंपणावरचं लायलॅकचं झाड छाटून टाकलं, तेव्हाही ती काही बोलली नाही. तिने फक्त त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, अगदी आपल्या हद्दीत, उंच, दाट वाढणाऱ्या स्प्रूसची रोपं लावली. आता त्या घरात भर दुपारी दिवा लावून कांदा चिरावा लागतो. शेजारी अजून तिला हसून हात करतो. तीही करते.

शिवणकाम हा तिचा धंदा होता. गावातले कितीतरी पडदे, सोफ्यांची कव्हरं, लुथेरन चर्चच्या बाकांवरच्या गाद्या तिच्या हातच्या. नवरा रेइनो कागदाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. दिवसभर त्या गडगडाटात राहून घरी आलेल्या माणसाला शांतता हवीशी वाटावी, तर रेइनो यायचा, बूट काढायचा आणि ऑर्गनची रेकॉर्ड लावून बसायचा. त्याचा बाप पोरवयात चर्चमधल्या ऑर्गनचा भाता ओढायचा म्हणे. निवृत्त झाल्यावर रेइनोने तळघरात स्वतःच्या हाताने दोन स्पीकर बांधले. मेपलचं लाकूड, एकही खिळा नाही, समोर करडं कापड. ते कापड इर्याने ताणून बसवलं. त्यावर एक सुरकुती दाखवा, असं ती कुणालाही म्हणाली असती.

तेव्हा गावात गाणं ऐकणाऱ्यांचं एक टोळकं होतं. दर रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं, कॉफी प्यायची, रेकॉर्डी ऐकायच्या आणि कुणाची मशीन कशी वाजते यावर बोलायचं. बोलायचं म्हणजे रॉस डनमोरने बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. रॉस पूर्वी रेडिओवर बातम्या द्यायचा. आवाज भरदार, कोटाला कायम इस्त्री. रेकॉर्ड चालू असताना कुणी उठायचं नाही हा त्याचाच नियम. रेइनोने नवे स्पीकर पहिल्यांदा ऐकवले त्या रविवारी रॉस शेवटपर्यंत डोळे मिटून बसला, मग उठला, मेपलवरून हात फिरवला आणि म्हणाला, "छान फर्निचर केलंयस, रेइनो. वर फुलदाणी शोभेल."

सगळे हसले. रेइनोही हसला. त्यानंतर आपल्या घरी रविवार आला की तो काहीतरी निमित्त काढायचा. कधी पाठ दुखायची, कधी वायर तुटलेली असायची. इर्याला कारण ठाऊक होतं, पण तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

रेइनो मार्चमध्ये गेला. जाण्यापूर्वी त्याने एकच गोष्ट मागितली होती. अंत्यसंस्काराला ऑर्गनची ती संथ रेकॉर्ड लागावी, आणि ती त्याच्या स्पीकरवर लागावी. रेइनोचा गिरणीतला जोडीदार पेंटी याने आपल्या ट्रकमधून स्पीकर आदल्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये नेऊन ठेवले. सकाळी इर्या आत शिरली, तर शवपेटीच्या दोन्ही बाजूंना रॉसचे माणसाएवढे काळे स्पीकर उभे. रेइनोचे कुठे आहेत म्हणून ती शोधत गेली. ते बाहेर बोळात होते. खुंट्या भरल्या होत्या, म्हणून लोकांनी ओले कोट त्यांच्यावर टाकले होते. एकावर कुणीतरी अर्धी कॉफी ठेवली होती. सगळ्यात वरचा कोट राखाडी, रेशमी अस्तराचा होता. असला कोट गावात एकाच माणसाकडे होता.

"राग मानू नकोस, इर्या," रॉस मागून येऊन म्हणाला. "पाद्रीबुवांना मीच सांगितलं. त्या खोक्यांना ऑर्गन झेपला नसता. त्याला निरोप तरी नीट मिळायला हवा ना?"

"आभारी आहे, रॉस," इर्या म्हणाली.

उन्हाळाभर ती त्या दोन स्पीकरसमोर बसून ऑर्गन ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिला एक गोष्ट कळली, आणि ती कळल्याने तिचा राग आणखी वाढला. रॉस अगदीच खोटं बोलला नव्हता. वादक पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो तिथे ते स्पीकर गप्प होत. मधलं सगळं सुरेख, वरचं लख्ख, आणि खाली काहीच नाही. खर्ज नव्हता. एवढंच कमी होतं. एवढंच त्या माणसाने रेइनोला सांगितलं असतं, तर रेइनोने पुढच्या रविवारपर्यंत काहीतरी करून दाखवलं असतं.

पानं गळायला लागली तेव्हा ती मॅनी फेरेराच्या दुकानात गेली. मॅनी जुन्या मशिनी दुरुस्त करायचा आणि नव्या विकायचा.

"सबवूफर हवाय," ती म्हणाली. "खर्जासाठी. सगळ्यात मोठा कुठला?"

"सिनेमाला का गाण्याला, बाई?"

"एका माणसाला."

मॅनीने हातातलं काम खाली ठेवलं. "माणूस आवडता का नावडता?"

"नावडता."

"मग हा बघा," मॅनीने एका काळ्या धुडावर थाप मारली. त्याला पुढून हात जाईल एवढं भोक होतं. "ह्या भोकातून वारा येतो बघा नुसता. पाहुण्याच्या पोटातली कॉफी ढवळून निघेल. पण घरी जाऊन तो काय सांगणार? म्हातारीच्या घरी ढोल बडवतात. कान आहेत का त्याला?"

"गावात त्याला एकट्यालाच आहेत. त्याच्या मते."

"तर मग हा घ्या." मॅनीने कोपऱ्यातून एक ठेंगणं, चारी बाजूंनी बंद खोकं ओढलं. "भोक नाही, घुमणं नाही. सूर जिथे थांबतो तिथे हाही थांबतो. तुमच्या खोलीला पुरे. आणि लावायचा कसा, तर हा वाजतोय हे कळताच कामा नये. बंद केला की मात्र खोलीला तळच नाही असं वाटलं पाहिजे. आवाज वाढवायचा मोह आवरा."

"ठेवायचा कुठे?"

"तीच तर खरी गंमत. कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात कुणीही मोठ्याने बोलतं. असं करा, जिथे बसून ऐकता त्या खुर्चीत ह्याला बसवा. खर्जाची रेकॉर्ड लावा. आणि तुम्ही भिंतीभिंतीने रांगत जा, कान जमिनीजवळ ठेवून. जिथे प्रत्येक सूर सारखा भरून ऐकू येईल, कुठला फुगणार नाही, कुठला बुडणार नाही, ती त्याची जागा. मग तो तिथे आणि तुम्ही परत खुर्चीत."

"रांगत?"

"दुसरा उपाय नाही, बाई. मोठमोठे लोक रांगतात."

इर्याने बागकामाचे गुडघ्याचे पट्टे बांधले आणि एका दुपारी सगळी बैठकीची खोली रांगून काढली. गंमतच होती. दाराजवळ एक सूर असा फुगायचा की कपाटातल्या बशा वाजायच्या. हातभर पुढे गेलं की तोच सूर जमिनीत गडप. शेवटी खिडकीखाली, डाव्या स्पीकरच्या शेजारी, सगळे सूर बरेचसे एका पातळीत आले. तिथेच तिला कपाटाच्या काचेत आपलं रूप दिसलं. ढुंगण वर, हनुवटी जमिनीला, केस विस्कटलेले. ती हसली. आणि चार पायांवर असतानाच तिच्या मनात रॉस डनमोर आला.

तोवर तिचा बेत साधा होता. त्याला बोलवायचं, ऐकवायचं, गप्प करायचं. आता तेवढं पुरेना. तिने सबवूफर खिडकीखाली ठेवला नाही. मुद्दाम कोपऱ्यात नेऊन ठेवला, जिथे तो सगळ्यात वाईट घुमत होता. मग तिने घर झाडलं, फक्त सोफ्याची मागची बाजू सोडून. तिथली धूळ कमी वाटली म्हणून शिवणयंत्राखालची लोकर नेऊन टाकली.

पुढच्या रविवारी टोळकं तिच्याकडे आलं. रेइनोच्या आठवणीसाठी म्हणून सगळे आले. पेंटी आला, आणखी दोघं आले, आणि राखाडी कोट काढत रॉस आला. इर्याने तो कोट नीट खुंटीला लावला. वेलचीचा पुल्ला, तो गोड फिनिश पाव, कापला, कॉफी ओतली.

"अरे वा, फर्निचर अजून आहे म्हणायचं!" रॉस स्पीकरकडे बघत म्हणाला.

इर्याने रेकॉर्ड लावली. खर्ज आला तशी खिडकी थरथरली. रॉसने कपाळाला हात लावला.

"इर्या, इर्या! हे काय घेऊन बसलीस तू? आणि कोपऱ्यात? कुणी सांगितलं तुला कोपऱ्यात ठेवायला?"

"मला काय कळतंय, रॉस," ती म्हणाली. "दुकानदार म्हणाला, रांगून जागा शोधावी लागते. माझ्या गुडघ्यांना काही ते जमायचं नाही. म्हटलं, गावात खरे कान तुमचेच. तुम्हीच शोधून द्याल."

"मी करतो की," पेंटी उठायला लागला.

"तू बस, पेंटी. तुला काय ऐकू येतंय, गिरणीत कान घालवून बसलास." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पेंटीने तिच्याकडे पाहिलं आणि बसला.

आता रॉस नाही कसा म्हणणार? चार माणसांदेखत कानांची गोष्ट निघाली होती. पेंटीने सबवूफर उचलून रेइनोच्या खुर्चीत ठेवला, रॉसने पँट चिमटीत धरून वर ओढली आणि खाली बसला. रेकॉर्ड पुन्हा सुरू झाली. रेइनोच्या खुर्चीसमोर रॉस डनमोर हातापायांवर आला. त्याचं रांगणं इर्याने ठरवलं होतं, त्या खुर्चीपुढे वाकणं नव्हतं; पण ते दिसलं तेव्हा तिला कॉफीचा घोट फार गोड लागला.

"आणखी खाली, रॉस. दुकानदार म्हणाला, कान जमिनीला लागला पाहिजे. हां. आता सोफ्याच्या मागून."

"इथे... इथे फार लोकर आहे," सोफ्यामागून आवाज आला. मग शिंक आली. मग दुसरी. बाकीचे दोघं खिडकीबाहेर गळणारी पानं बघायला लागले. पेंटीने तोंड कपात घातलं.

रॉस भिंतीभिंतीने पुढे सरकला, आणि इर्याच्या शिवणयंत्राशी, रेइनोच्या खुर्चीच्या थोडं मागे, थांबला. बराच वेळ थांबला. डोकं खाली, गाल गालिच्यावर. मग म्हणाला, "इर्या, जरा हात दे. गुडघा धरलाय."

"रेकॉर्ड चालू आहे, रॉस. मध्ये उठायचं नाही."

"मस्करी पुरे. खरंच धरलाय."

इर्या उठली. त्याच्यापर्यंत गेली, पण हात दिला नाही. यंत्राच्या स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"त्या दिवशी बोळात त्याच्या स्पीकरवर कोट पडले होते," ती म्हणाली. "सगळ्यात वरचा तुझा होता. त्यांवरचं कापड मी ताणून बसवलं होतं, रॉस. आत माझा नवरा पेटीत होता आणि बाहेर त्याच्या हातच्या कामावर तुझा कोट वाळत होता. तो हॉल आठव आणि पड तसाच, ही बाजू संपेपर्यंत."

ऑर्गन चालू राहिला. रॉसचा चेहरा लाल झाला, मग उतरला. भिंतीकडे तोंड करून तो अगदी हळू म्हणाला, "त्याचे स्पीकर वाईट नव्हते. खाली उणे होते, एवढंच. मी ते सांगायला हवं होतं. ते दुसरं बोलायला नको होतं."

"मोठ्याने बोल. रेडिओवर बोलायचास तसं."

रॉसने तोंड भिंतीकडेच ठेवलं. रेकॉर्डची बाजू संपली. मग पेंटी आणि इर्याने मिळून त्याला काखेत धरून उठवलं. त्याच्या कोपरांना, भुवयांना लोकर चिकटली होती. तिने एकही धागा झटकला नाही.

जायला निघताना, कोट चढवता चढवता, रॉस यंत्राकडे बोट करून म्हणाला, "तिथे ठेव. खुर्चीच्या मागे. तीच जागा आहे." आणि लंगडत पायऱ्या उतरला.

सगळे गेल्यावर पेंटीने सबवूफर तिथे नेऊन ठेवला. इर्या खुर्चीत बसली. रेकॉर्ड लावली. खालच्या पट्ट्या सुरू झाल्या आणि तिच्या अंगावर काटा आला. सबवूफर कुठे आहे हेच कळेना. खर्ज मेपलच्या त्या दोन स्पीकरमधूनच येत होता, जसा काही रेइनोने तो पहिल्यापासून त्यांत भरून ठेवला होता. खिडकीखालच्या तिच्या जागेपेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. पेंटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्याचे कान आहेत खरे," पेंटी म्हणाला.

"ऊठ," इर्या म्हणाली. "उचल ते."

"अगं, पण इतकं सुंदर..."

"उचल म्हणते ना."

सबवूफर खिडकीखाली गेला. आजही तिथेच आहे. एक सूर तिथे किंचित फुगतो, एक किंचित बुडतो. इर्याला ते ऐकू येतं आणि त्याचं तिला काही वाटत नाही. गालिच्यात तोंड घालून मागितलेली माफी तिने धरली नाही, आणि मग तिथून मिळालेली जागा तरी का घ्यावी?

ही गोष्ट पेंटीने सौनात, पुरुषांच्या वाफेच्या न्हाणीघरात, सांगितली, त्यामुळे आठवडाभरात ती गावभर झाली. बेकरीत, बँकेत, चर्चच्या पायऱ्यांवर लोक रॉसला गुडघ्यांची चौकशी करायला लागले. रविवारचं टोळकं हळूहळू मोडलं. ख्रिसमसच्या आधी पाद्रीबुवांनी इर्याला सुचवलं, की झालं गेलं सोडावं, रेइनोला हे आवडलं नसतं.

"नसतंच आवडलं," ती बाकांच्या गाद्या बदलत म्हणाली. "त्याला पुष्कळ गोष्टी आवडायच्या नाहीत आणि तो गप्प बसायचा. जरा ती उशी इकडे द्या."