जांभळ्या फुलाचा सौदा

अख्ख्या परभणी जिल्ह्यात माझा सौदा जमला नाही असा एकच माणूस निघाला, आणि तो नेमका माझा साडू. हातगाडीपासून आडत दुकानापर्यंत मी पोचलो तो जिभेच्या जोरावर. पेडगावच्या या गृहस्थाने ती जीभही एकदा बंद पाडली.

एका होमिओपॅथी डॉक्टरने त्यांना कुठल्याशा परदेशी फुलाचं बी दिलं होतं. मधे साळिंदरासारखा काटेरी तांबूस गोंडा, भोवती रुसल्यासारख्या खाली वाकलेल्या जांभळ्या पाकळ्या. काळ्या मातीत पाणी साचून मुळं सडतात म्हणून साडूंनी अंगणात मुरूम टाकून खास वाफा केला. बायकोला पापड वाळवायला जागा उरली नाही, फुलं मात्र ऐटीत होती. पडसं असो, घसा असो की गळू, साडूंचं औषध एकच, या झाडाचं मूळ. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एसट्या बंद पडल्या तरी ते सायकलवरून मूळ पोचवायचे. गुण यायचा की पडसं आपल्या पायानं जायचं, मी खोलात गेलो नाही. पैशाला मात्र शिवायचे नाहीत. "मोल घेतलं की औषधाचा गुण जातो," म्हणायचे.

एकदा सोनपेठच्या बाजारात म्हैस घ्यायला गेलो, साडू सोबत. माझा घसा बसलेला. म्हशीपुढेच त्यांनी मूळ चघळायला दिलं. जिभेला अशा झिणझिण्या आल्या की मालकाने भाव सांगितल्यावर तोंडातून नुसतं "अं... अं..." निघालं. त्याने तो होकार समजून दावं माझ्या हातात दिलं.

"लय चांगलं झालं," साडू म्हणाले. "शिव्या न देता तुमी पहिल्यांदाच काही घेतलं."

म्हैस दुधाला चांगली निघाली, ती गोष्ट वेगळी. मी भरपाई म्हणून एक रोप मागितलं.

"भरपाई म्हंजे मोलच की, साडूभाऊ."

"मग विकत द्या."

"न्हाई."

माझ्या शेजारच्या आडत्यालासुद्धा त्यांनी रोप दिलं. मला अखेरपर्यंत नाही.

ते गेल्यावर पुढच्या पावसाळ्यात पेडगावला गेलो. वाफा फुललेला होता. नुसतं 'एक रोप दे' म्हणायचं, असं एसटीत घोकत आलो होतो. मेहुणी दारात आली आणि तोंडातून निघालं, "काय घेशील याचं?"

ती हसली, मग पदर डोळ्यांना लावला. "दाजी, ते सांगून गेलेत. तुमी मागायला आलात तर रोप द्यायचं. भाव करायला आलात तर चहा."

वाफ्याजवळ बसून मी चहा प्यालो. शेवटी आणखी घोटभर मागितला. तेवढं मात्र सरळ मागता आलं.