इन्सुल्सुस म्हणजे अळणी

लातूरच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो, तेव्हा निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं. आम्हाला ते कुठं ठाऊक! मी हदगावकडचा. नांदेडला उर्दूतून शिकलो आणि तिथल्याच इस्पितळात औषधं मिसळायला शिकलो. लग्न झालं होतं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि बाळ-बाळंतीण दोघंही दगावली. त्यानंतर मी घरात शिरलो की बोलणारी माणसं गप्प व्हायची. ते सोसेना, म्हणून लांबची बदली मागून घेतली.

लातुरात ओळखीचं कुणी नव्हतं. दिवसभर दवाखान्यात माणसांची रीघ असायची, पण संध्याकाळी कुलूप घातलं की दुसऱ्या सकाळपर्यंत तोंड उघडायचं कारण नसायचं. कधी कधी नुसता आवाज ऐकायला म्हणून मी औषधांच्या बाटल्यांवरची नावं मोठ्यानं वाचायचो.

डॉक्टरसाहेब मद्रासकडचे ख्रिस्ती, पन्नाशी ओलांडलेले. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मराठी त्यांना कळायची, पण बोलायचे दखनी उर्दूत. औषध कसं घ्यायचं ते चिठ्ठीवर लॅटिनमध्ये लिहायचे. तेव्हा सगळेच डॉक्टर तसं लिहायचे. मला त्यातल्या दहा-बारा खुणा पाठ होत्या, अर्थ एकाचाही नीट माहीत नव्हता.

एकदा घसा बसलेली एक म्हातारी आली. साहेबांनी तिला गुळण्यांसाठी मिठाचं पाणी द्यायला सांगितलं. मी उकळलेलं पाणी बाटलीत भरलं आणि मीठच टाकायला विसरलो. तिसऱ्या दिवशी म्हातारी परत.

"सायब, घसा काय सुटंना. अन् तुमचं ह्ये औषद नुसतं हिरीच्या पाण्यावानी लागून राहिलंय."

साहेबांनी बाटलीतले चार थेंब तळहातावर घेऊन चाखले. मी मान खाली घातली. साहेब मात्र हसायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"इन्सुल्सुस!" ते म्हणाले. "पाणीसुद्धा आणि तूसुद्धा."

म्हातारी नवी बाटली घेऊन गेल्यावर मी भीत भीत विचारलं, "साहेब, म्हणजे काय?"

"लॅटिन आहे. मीठ नसलेला, अळणी. रोमचे लोक जेवणाला म्हणायचे आणि माणसालाही म्हणायचे. मीठ म्हणजेच त्यांच्या लेखी अक्कल, बोलण्यातली खुमारी. ते नसलं की मूर्ख."

"मग मूर्खाला दुसरा शब्दच नाही त्यांच्यात?"

"आहेत की. स्टुल्टुस आहे. पण स्टुल्टुस चुका करतो. इन्सुल्सुस चुका करीलच असं नाही; त्याच्याजवळ बसून चवच येत नाही."

हे मला फार लागलं. बायकोच्या पश्चात माझ्याजवळ बसून कुणाला चव आली होती? साहेबांच्या ते ध्यानात आलं असावं. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली आणि पुढ्यात खुर्ची ओढली. तरुणपणी ते पाद्री व्हायला गेले होते, तिथं लॅटिन शिकले. मग ते सोडून लग्न केलं. बायको वारली होती, लेक तिकडे मद्रासकडे सासरी होती. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं आणि शब्दाकडे वळले.

"पुरुष असला तर इन्सुल्सुस, बाई असली तर इन्सुल्सा, वस्तू असली तर इन्सुल्सुम."

"आमच्यातही तसंच आहे," मी म्हणालो. "खुळा, खुळी, खुळं."

"आणि हाक मारताना?"

"खुळ्या!"

"आमचं इन्सुल्से!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. एका शब्दावरून सुरू झालेलं बोलणं कुठंही जायचं.

पुढं मुलखात गडबड सुरू झाली. लोक बिऱ्हाडं घेऊन बार्शी-सोलापूरकडे निघाले. साहेबांचा स्वयंपाकीही गेला. साहेब म्हणाले, "तूही जा." मी म्हणालो, "कुणाकडं जाऊ?"

त्याच सुमारास त्यांच्या पायांवर सूज आली. मूत्रपिंडं थकलीत, हे त्यांनीच सांगितलं आणि स्वतःला मीठ बंद केलं. मी त्यांचा स्वयंपाक करू लागलो. भात आणि अळणी वरण. मीही तेच जेवायचो. त्यांच्यासमोर मीठ घ्यायला हात होत नव्हता.

एका रविवारी दुपारी ताटावर बसल्यावर ते म्हणाले, "आज वरणात मीठ टाक."

"नाही साहेब. तुमचीच मनाई आहे."

"माझीच आहे ना? मीच मोडतो. एक चिमूट."

"पाय बघा तुमचे. मला सांगू नका."

त्यांनी तसाच भात कालवला. पंधरा दिवसांनी ते गेले. चिमूटभर मिठानं काही बिघडलं नसतं, हे औषधं मिसळणाऱ्या मला तेव्हाही कळत होतं. त्या दुपारी मी शहाणा होतो की त्या दोन शब्दांपैकी एखादा मला लागू होता, ते अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या लेकीला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर तमिळमध्ये आलं. लातुरात ते वाचणारं कुणी मिळेना. कित्येक महिने ते पत्र माझ्या पेटीत पडून होतं. मग राज्य बदललं आणि माझी बदली नांदेडला झाली. तिथं स्टेशनवर मद्रासकडचे एक रेल्वेबाबू होते, त्यांना मी पत्र दाखवलं. फलाटावर उभ्याउभ्याच त्यांनी वाचून अर्थ सांगितला. लेकीनं एकच गोष्ट विचारली होती: शेवटी अप्पांजवळ बोलायला कुणी होतं का?

बाबूंनी विचारलं, "उत्तर लिहून देऊ?"

मी म्हणालो, "लिहा, रोज संध्याकाळी एक माणूस येत होता."

त्यांनी लिहिलं, घडी घातली आणि माझं नाव विचारलं. मी सांगितलं. साहेब गेल्यापासून कामाशिवाय ते कुणी विचारलं नव्हतं.